एकेचाळीसच्या लॉटवरचे तीन ठिपके

जुनं पितळ विकणारे तिला पुंगळीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि तिची हरकतही नव्हती. आता तुम्हीच सांगा, एकसष्ट वर्षांची, नकाशांच्या कचेरीतून निवृत्त झालेली बाई, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, आणि भंगाराच्या ढिगासमोर उकिडवी बसून तोफगोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या उलट्या करकरून त्यांची बुडं न्याहाळतेय, तर अशा बाईला लोक दुसरं काय म्हणणार? वेडी म्हणत नव्हते, हेच पुष्कळ.

तिच्या वेडाला कारण होतं, आणि ते फुटकळ नव्हतं. शहराच्या कडेला एकेकाळी दारूगोळ्याचा मोठा कारखाना होता. तो बंद पडून पंचेचाळीस वर्षं झाली. शेवटच्या साहेबाने जाताना सगळी दप्तरं कागदाच्या गिरणीत लगद्याला पाठवून दिली. भला माणूस, एक चिटोरंसुद्धा मागे ठेवलं नाही. राहिलं ते पितळ. कुणाच्या घरात पुंगळीची फुलदाणी, कुणाकडे ती दाराला अडसर म्हणून, कुणाकडे छत्र्या ठेवायला. प्रत्येकीच्या बुडावर कारखान्याची ज्योत, साल, लॉटचा नंबर आणि तपासणाऱ्या बाईची खूण. एवढ्यावरून पुंगळीबाईने तीस वर्षांत अख्खा कारखाना पुन्हा उभा केला होता. कुठल्या साली यंत्रं बदलली, कधी पितळ हलकं यायला लागलं, तपासणीच्या हॉलमध्ये कोण किती वर्षं टिकलं, सगळं अकरा वह्यांत. दूरदूरचे संग्राहक पत्रं पाठवून तिला विचारायचे. तिचा नियम एकच: जे दाखवता येत नाही ते लिहायचं नाही. फोटो हवा आणि कागद ठेवून पेन्सिलीने उमटवलेली खूण हवी. एकदा फोटो धूसर आला म्हणून तिने दोन वर्षांच्या मेहनतीची पानं फाडून टाकली होती.

पण या अकरा वह्या म्हणजे नुसता रस्ता होता. तिला पोचायचं होतं ते आईपर्यंत.

आई त्याच हॉलमध्ये तपासनीस होती. पुंगळी लाकडी साच्यात ठेवायची, आत दिवा सोडून बघायचं, मग छोट्या हातोडीने वाजवून कान द्यायचा. चांगली पुंगळी घुमते, तडा गेलेली बद्द वाजते. पसंत पडली की आपल्या पोलादी ठशाने बुडावर हलकीच खूण मारायची. आईची खूण एका ओळीत तीन ठिपके. तिची धाकटी बहीण शेजारच्याच बाकावर, तिची खूण अर्धचंद्र. पुंगळीबाई सात महिन्यांची होती तेव्हा एकेचाळीसच्या लॉटमधली एक पुंगळी चाचणीच्या मैदानावर तोफेतच फुटली. चार जवान जागच्या जागी गेले. सापडलेल्या तुकड्यावर तीन ठिपके होते, आणि सगळं खापर आईच्या डोक्यावर फुटलं. नोकरी गेलीच, पण रस्त्याने जाताना लोक बोटं दाखवायचे. त्या जवानांपैकी एकाची आई तर कित्येक महिने रोज येऊन समोरच्या फुटपाथवर उभी राहायची. बोलायची नाही काही, नुसती उभी राहायची. आईने कुणासमोर ब्र काढला नाही. सहा वर्षांनी ती गेली. वडील तर मुलीच्या जन्माआधीच तापाने गेलेले. मुलीला वाढवलं ते त्या धाकट्या बहिणीने, मावशीने. लग्नही केलं नाही तिने. पोरीसाठी राहिली, असं सगळे म्हणत.

आता जुन्या कामगारांची समिती कारखान्याच्या फाटकाशी दगडी पाटी बसवत होती. तपासणीच्या हॉलमधल्या प्रत्येकीचं नाव तिच्यावर येणार होतं. मावशीचं नाव सातवं. आईचं नव्हतं.

"मला काय आनंद होतो का, बाई?" समितीचा चिटणीस म्हणाला होता. माणूस सज्जन, बोलताना सारखा चष्मा पुसायचा. "पण त्या चार घरांतली माणसंही येणार आहेत. त्यांच्यासमोर ते नाव मी कुठल्या तोंडाने वाचू? तुम्ही पुरावा आणा, मी स्वतः उभा राहून कोरून घेतो. पंधरा दिवसांनी पाटी कारागिराकडे जातेय, त्याच्या आत आणा."

पुरावा कसला आणायचा हे तिला पाठ होतं. आई डावखुरी होती. साच्यात पुंगळी नेहमी ज्योत वर करूनच बसायची, उलटसुलट बसूच शकायची नाही. त्यामुळे मारणारीचा हात खुणेत उतरायचा. आईचे तीन ठिपके असलेल्या त्रेसष्ट पुंगळ्या पुंगळीबाईने आजवर पाहिल्या होत्या. त्रेसष्टच्या त्रेसष्टांवर डावीकडचा ठिपका खोल आणि उजवीकडचा पुसट. हॉलमधल्या बाकी सगळ्या उजव्या हाताच्या, त्यांच्या खुणा बरोबर उलट. एकेचाळीसच्या लॉटवर डावा ठिपका खोल निघाला, तर आईच चुकली होती आणि विषय संपला. उजवा खोल निघाला, तर आईच्या ठशाने दुसऱ्या कुणीतरी खूण मारली होती. पण बघायचं कशावर? तो अख्खा लॉट परत मागवून वितळवला होता. तीस वर्षांत त्यातली एक पुंगळी तिच्या नजरेला पडली नव्हती.

पाटीला बारा दिवस उरले असताना पितळवाल्याचा फोन आला.

"बाई, बसलात ना? बसा आधी. दात दुखतोय म्हणून डॉक्टरकडे गेलो होतो. तिथे कोपऱ्यात छत्र्यांची पुंगळी. म्हटलं, आपल्या बाईंसाठी बूड बघून ठेवावं. नर्स म्हणाली, अहो काका, दात वर असतात." तो स्वतःच्याच विनोदावर हसला आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "एकेचाळीस आहे."

तासाभरात ती दातांच्या दवाखान्यात होती. डॉक्टर तरणा होता, पुंगळी त्याच्या आजोबांच्या वेळची. त्यांनी ती मैदानावरून आठवण म्हणून गुपचूप आणली होती म्हणे. तिने समोरच्या दुकानातून छत्र्यांसाठी नवंकोरं लोखंडी स्टँड आणून दिलं आणि पुंगळी चादरीत गुंडाळून, तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून घरी आणली.

संध्याकाळ झाली होती. मावशी खिडकीशी बसून मोजे रफू करत होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, पण डोळे अजून शाबूत. गुडघे मात्र पार कामातून गेलेले.

"आणलीस वाटतं आणखी एक," मावशी म्हणाली. "आता घरात आपण राहायचं की यांनी?"

"मावशी, ही एकेचाळीसची आहे."

मावशीची सुई थांबली. हे पुंगळीबाईला नंतर आठवलं. त्या वेळी तिचं लक्ष कुठे होतं! तिने दिवा जवळ ओढला. वर्षानुवर्षं छत्र्यांचं पाणी झिरपून बुडावर काळपट हिरवा थर चढला होता. कागद ठेवून पेन्सिल फिरवली, काहीही उमटेना. तिच्याकडचा कॅमेरा एवढं बारीक टिपत नव्हता. मग तिने बोळा ओला करून बूड पुसलं, दिवा तिरपा धरला आणि भिंग लावलं. ज्योत. साल. एकेचाळीस. खाली तीन ठिपके. उजवा खोल, मधला बेताचा, डावा जेमतेम.

तिने डोळे चोळले, पुंगळी फिरवली, पुन्हा ज्योत वर करून पाहिलं. उजवाच खोल.

"मावशी!" ती ओरडलीच. "अगं, हा आईचा हात नाही! आईने नाही मारलेली ही खूण!" आणि या वयात ती लहान मुलीसारखी हमसून रडायला लागली. "नव्हतीच गं चूक तिची. साठ वर्षं लोकांनी..."

मावशी उठली नाही. "मग कुणाचा हात?" तिने विचारलं.

"ते काय कळणार? आणि कळून तरी काय करायचंय? आईचा नव्हता, एवढं पुरे." तिने तेलात बुडवलेला कापूस बुडावर बांधून ठेवला, म्हणजे सकाळपर्यंत थर सुटेल. "उद्या फोटोवाल्याकडून कॅमेऱ्याची मोठी काच आणि स्टँड आणते. फोटो, पेन्सिलीची खूण, सगळं रीतसर. मग बघू चिटणीस काय म्हणतो!"

सकाळी ती उड्या मारतच बाहेर पडली असं म्हटलं तरी चालेल. फोटोवाल्याने काच शोधण्यात तास घालवला, मग स्टँडचा एक पाय सापडेना. ती परतली तेव्हा अकरा वाजून गेले होते. दार उघडल्याबरोबर तिला पितळेचा वास आला. ताज्या घासलेल्या पितळेचा.

मावशी जमिनीवर बसली होती. जी बाई खुर्चीतून उठायला हात मागते, ती जमिनीवर. पुढ्यात हत्यारांची पेटी उघडी, मांडीवर पुंगळी उलटी, हातात कानस. शेजारी पॉलिश पेपरचे झिजलेले तुकडे. बोटं काळी झालेली आणि दोन ठिकाणी रक्ताळलेली. पुंगळीचं बूड आरशासारखं चकाकत होतं. वर ज्योत होती, साल होतं, एकेचाळीसही होतं. खाली काही नव्हतं.

पुंगळीबाईच्या हातातून स्टँड खाली पडलं. तिने पुंगळी ओढून घेतली, खिडकीशी नेली, भिंग लावलं, बोट फिरवलं. गुळगुळीत. हलकीच मारलेली खूण ती, किती खोल असणार? पार साफ झाली होती.

"काय केलंस हे?" तिने विचारलं. "मावशी, काय केलंस तू हे?"

"माझा हात होता तो," मावशी म्हणाली.

मग मावशीने मान वर न करता सांगितलं. ठसा गळ्यातून काढायचा नाही, दुसरीच्या हातात द्यायचा नाही, हा हॉलचा पहिला नियम. दिला तर देणारी आणि घेणारी, दोघी घरी. पण तान्ही मुलं असलेल्या बायका करणार काय? शेजारीण मूल घेऊन फाटकाशी यायची. मग जिला पाजायला जायचं ती ठसा गुपचूप बाजूच्या बाकावर सरकवायची आणि बाजूची तिचं काम ओढून न्यायची. सगळ्याच करायच्या. त्या दिवशी ताई पाजायला गेली, आणि पोरीला ताप होता म्हणून पाऊण तास आलीच नाही.

"पट्ट्यावर पुंगळ्या साचायला लागल्या. माझ्याही, तिच्याही. मुकादम फेरीला निघालेला. मी घाबरले गं. तेवीस वर्षांची होते. तिच्या वाटच्या चाळीसेक पुंगळ्यांत मी दिवा सोडला नाही, वाजवूनही पाहिल्या नाहीत. नुसते ठिपके मारत सुटले."

"आणि आई गप्प बसली?"

"चौकशीच्या आदल्या दिवशी मी तिच्या पाया पडले. म्हटलं, मी सांगते सगळं. ती म्हणाली, सांगितलंस तर दोघींची नोकरी जाईल, मग या पोरीला काय घालायचं? ठसा माझा होता, मीच दिला होता. तू कामावर राहा. एवढंच बोलली. त्यानंतर आयुष्यात कधी तो विषय काढला नाही तिने. मरतानासुद्धा नाही."

पुंगळीबाई भिंतीला टेकून खाली बसली. जिच्या कुशीत ती वाढली, जिने तिच्या तापात रात्री जागवल्या, शाळेत सोडलं, तीच ही बाई. आणि आईबद्दल कुणी वाकडं बोललं की भांडायला उठायची तीही हीच.

"साठ वर्षं," ती म्हणाली. "साठ वर्षं तू माझ्याबरोबर बसून जेवलीस. मी भंगारात हात घालून घालून बोटं कापून घेतली, त्यांना तू पट्ट्या बांधल्यास. एकदा तोंड उघडता आलं नाही तुला?"

"रोज ठरवायचे."

"अगं पण मी तुला शोधत नव्हते! कुणालाच शोधत नव्हते. तुझं नाव कुठे येणार होतं त्यात? नुसतं गप्प बसली असतीस तरी आईचं नाव लागलं असतं!"

"ताईच्या शेजारी कोण बसायचं ते तुझ्या वहीतच आहे," मावशी म्हणाली. "चिटणिसाला नाही कळणार? तुला नाही कळणार? आज नाही तर उद्या. लोकांचं मला काही नाही वाटत आता. तू मावशी म्हणायची थांबशील, म्हणून घासलं." आणि ती रडायला लागली, आवाज न करता, म्हाताऱ्या माणसांसारखी.

त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. पुंगळीबाई खरोखरच तिला मावशी म्हणाली नाही. तिने मावशीची बोटं धुऊन दिली, पट्टी बांधली, पण गप्प राहून. डोकं भणभणत होतं. या बाईचा गळा धरावा असंही वाटत होतं आणि तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडावं असंही. दुसरं माणूस होतं कोण तिला, ज्याच्यापाशी रडावं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी बाहेर जायचे कपडे घालून दाराशी बसली होती. "चल," ती म्हणाली. "मी सांगते चिटणिसाला. सही करते, अंगठा देते, काय हवं ते देते. माझं नाव काढून तिथे ताईचं घालू दे."

समितीची कचेरी सायकलच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. जिना चढायला त्यांना वीस मिनिटं लागली. चिटणिसाने धावत येऊन मावशीला खुर्ची दिली, पाणी दिलं. मावशीने सगळं सांगितलं. एक शब्द चोरला नाही. चाळीस पुंगळ्या, न सोडलेला दिवा, चौकशीच्या आदल्या दिवशीचं बोलणं, कालची कानस. सांगून झाल्यावर तिने पट्टी बांधलेले हात टेबलावर ठेवले.

चिटणिसाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुंगळी उलटी करून बराच वेळ पाहिली. त्याचे डोळे भरून आले होते.

"आजी," तो म्हणाला, "बहिणीवर एवढी माया मी कुठे पाहिली नाही."

"माया नाही हो, खरं आहे ते!"

"तुम्ही म्हणता तर खरंच असेल." त्याने मान वळवून पुंगळीबाईकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "बाई, रागावू नका. मी तुमच्यावर संशय घेत नाही. पण मला चार घरांना उत्तर द्यायचंय. ते काय म्हणतील? तीस वर्षांनी एकेचाळीसची पुंगळी सापडली, ती लेकीच्या घरी एक रात्र राहिली आणि सकाळी नेमकी खूण तेवढी घासलेली. ते म्हणतील, ठिपके आईच्याच हातचे निघाले म्हणून लेकीने साफ केले आणि म्हातारीला पढवून आणलं."

"मी पाहिलंय," पुंगळीबाई म्हणाली. "माझ्या डोळ्यांनी. उजवा ठिपका खोल होता."

"पाहिलं असेल. वहीत लिहिलंत?"

लिहिलं नव्हतं. फोटो नव्हता, पेन्सिलीची खूण नव्हती. जे दाखवता येत नाही ते ती लिहीत नसे, आणि हे त्याला चांगलं माहीत होतं. समितीच्या प्रत्येक बैठकीत तो तिच्या याच काटेकोरपणाचं कौतुक करायचा.

"मग माझं तरी नाव काढा," मावशी म्हणाली. "हात जोडते. ताई नसलेल्या पाटीवर मला नका बसवू."

"छे छे, आजी, भलतंच! तेवीस वर्षं बिनतक्रार नोकरी केलीत तुम्ही. हॉलमधल्या जिवंत असलेल्या तुम्ही एकट्याच. पाटीवरचा पडदा तुमच्याच हातून काढायचं आमचं ठरलंय. आता वाद नाही." त्याने मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. तो अगदी मनापासून बोलत होता, म्हणून त्याच्याशी भांडताही येईना.

दोघी बाहेर आल्या. पुंगळीबाईने पुंगळी पिशवीत घातली. जिन्याच्या तोंडाशी मावशी पहिल्याच पायरीवर बसली. खाली दुकानात कुणीतरी सायकलची घंटी पुन्हा पुन्हा वाजवून बघत होतं.

"आता कुणाला सांगू गं?" मावशी म्हणाली. "आता तर कुणी ऐकतच नाही."

पुंगळीबाई तिच्या मागे उभी होती. एकटीने खाली उतरून जावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. तिला खाली न्यायला दुसरं कुणी नव्हतं. तिने वाकून मावशीच्या काखेत हात घातला.

"ऊठ, मावशी."

त्या हाकेबरोबर मावशीने तिचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला, पट्ट्यांसकट. ती उठली, पण पाऊल टाकेना.

"ताई काय म्हणेल मला?"

"काही म्हणणार नाही," पुंगळीबाई म्हणाली. "तेव्हा तरी कुठे काय म्हणाली होती?"

आणि एकेका पायरीवर थांबत ती तिला खाली घेऊन गेली.